पन्नास हजारावा फोन

गंधाली: ...डावीकडून पहिले चेअरमन. मग मंत्रीसाहेब, कानाला रिसीव्हर. मागे चीफ इंजिनियर. आणि हा हार घेऊन उभा आहे तो कोण, काका? तुम्ही?

दशरथ: तो गुणाजी. हार धरायलाच उभा केलेला त्याला. मी नाय त्यात.

गंधाली: मग ऑफिसात तीन वेळा फोन करून का सांगितलंत, पान बेचाळीस माझ्याशी बोलल्याशिवाय छापू नका म्हणून? पवईहून रिक्षा करून विक्रोळीला आले हो मी.

दशरथ: कारण या फोटोत मी आहे. दिसत नाय, एवढंच.

प्रेमा: झाला सुरू. बाय, तू आधी चाय घे. कंपनीच्या इतिहासापेक्षा हेंचो इतिहास लांब आसा.

गंधाली: थँक्यू, काकू. काका, पुस्तक परवा छपाईला जातंय. रविवारी निरोपसमारंभ, आणि एक तारखेपासून उपनगर टेलिफोन कंपनी बंद. मला हे पान आज फायनल करायचंय.

दशरथ: पुस्तकाला नाव काय दिलंय?

गंधाली: "अखंड सेवेची पंचाहत्तर वर्षं."

दशरथ: अखंड!

गंधाली: मी नाही दिलं. वरून आलंय. मी फक्त लिहिणारी, कंत्राटावर.

प्रेमा: गेल्या वर्षी अडीच महिने आमचोच फोन बंद होतो. कंपनीत पस्तीस वर्षां काढलेल्या माणसाचो.

दशरथ: गप गो. ते हिला कशाला? पोरी, तू वाच. फोटोखाली काय लिवलंय ते मोठ्यानं वाच.

गंधाली: "१९८४. घाटकोपर एक्स्चेंजच्या नव्या इमारतीचं उद्घाटन. मंत्रिमहोदयांनी व्यासपीठावरून कंपनीचे पन्नास हजारावे ग्राहक, मुलुंडचे शिक्षक श्री. विद्याधर प्रधान यांना पहिला फोन लावला. प्रधान सरांनी दिलेल्या 'व्हय म्हाराजा' या उत्स्फूर्त उत्तराने सभागृहात हशा पिकला." छान आहे ना? अख्ख्या पुस्तकात हे एकच पान जिवंत आहे. बाकी सगळीकडे चेअरमननी नारळ फोडला नाहीतर फीत कापली.

दशरथ: प्रधान मास्तर पेणचे. पेणचा माणूस "व्हय म्हाराजा" कशाला म्हणेल? आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात, तेव्हा मागचे सगळे म्हणतात तसं.

गंधाली: हो, पण सरांचं...

दशरथ: ते मास्तर बोललेच नाय. मी बोललो.

गंधाली: काय?

दशरथ: मी. दशरथ परब, केबल जॉइंटर. स्टेजच्या खाली, तळघरात, केबलच्या चेंबरमध्ये उकिडवा बसून. हातात टेस्टिंगचा फोन. मंत्री वर, मी खाली, मधे एक स्लॅब.

गंधाली: थांबा, थांबा. पण काका, मी तर...

दशरथ: आता मधे बोलू नको. एकेचाळीस वर्षांनी तोंड उघडलंय.

प्रेमा: माझ्याजवळ रोज उघडतत.

दशरथ: बघ, तेव्हा केबलमध्ये कागद गुंडाळलेल्या तारांच्या जोड्या असायच्या. दोनशे, चारशे. सगळ्या सारख्याच दिसणाऱ्या. जोडायच्या आधी मोजाव्या लागायच्या. एका टोकाला घड्याळाच्या काट्यासारखं मोजत जायचं, दुसऱ्या टोकाला उलटं. का? तर आपण दोघं समोरासमोर बसलोय, तुझा उजवा तो माझा डावा. जॉइंटरला पहिल्या दिवशी शिकवतात हे.

गंधाली: बरं.

दशरथ: नऊ वर्षं मी हेच काम केलं होतं. झोपेत केलं असतं. पण त्या दिवशी डोक्यावर इंजिनियर उभा, दर पाच मिनिटांनी विचारतोय, "परब, झालं का? परब, मंत्री निघाले." मी दोन्ही टोकांना सुलट मोजलं. सगळ्या मुलुंडची अदलाबदल.

गंधाली: म्हणजे वाट लागली.

दशरथ: पूर्ण वाट. मंत्री पोचायच्या अर्धा तास आधी साहेबांनी टेस्ट म्हणून मास्तरांचा नंबर फिरवला. वाजला बर्फाच्या कारखान्यात. पलीकडून माणूस विचारतोय, "लादी पायजे की चुरा?"

प्रेमा: ह्यां ऐकताना माका अजून हसू येता.

दशरथ: तुला येतं. साहेबांच्या तोंडाला फेस आला. चारशे जोड्या उकलून परत जोडायच्या म्हणजे दुसरा दिवस उजाडला असता. तर ते म्हणाले, "परब, तू खाली जा. वरचा फोन तुझ्या जोडीवर टाकतो. वाजला की उचल. तू मास्तर." मी म्हटलं, साहेब, माझी भाषा? म्हणाले, "कमी बोल."

गंधाली: आणि तुम्ही...

दशरथ: कमीच बोललो. मंत्र्यांनी विचारलं, आणि घाबरून माझ्या तोंडून निघालं, व्हय म्हाराजा. वर टाळ्या. स्लॅब हादरली. दुसऱ्या दिवशी पेपरात मास्तरांचं नाव आणि माझं वाक्य.

गंधाली: पण मुलुंडला? तिकडे मास्तर फोनपाशी बसले असतील ना?

दशरथ: तेच सांगायला बोलावलं तुला. त्र्याहत्तर साली अर्ज केलेला त्या माणसाने. मुलगा पहिलीत होता. फोन लागला तेव्हा कॉलेजात. आम्ही शिडी घेऊन गल्लीत शिरलो की लोक ओवाळायचे बाकी होते, असा तो काळ. फोन बसवायला मीच गेलेलो त्यांच्याकडे. फोनखाली विणलेला रुमाल, बाजूला पेढे. बायको म्हणाली, "भाऊ, नक्की वाजेल ना?" मी म्हटलं, वहिनी, माझ्या हाताने जोडतोय.

प्रेमा: ह्यां एक वाक्य हेंका खाता. बाकी काय नाय.

दशरथ: कार्यक्रम अकराचा. मंत्री आले दीडला. अख्खी बिल्डिंग मास्तरांच्या खोलीत बसलेली, हे मला नंतर कळलं. साडेबारा वाजले, एकेक जण जेवायला उठून गेला. उरले नवरा-बायको. फोन वाजलाच नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूक सुधारायला मास्तरांच्या बिल्डिंगीत गेलो, खाली जिन्याजवळच्या डब्यात. वरून आवाज येत होते. शेजारी पेपर घेऊन आलेले. "काय मास्तर, आम्ही उठलो आणि फोन आला होय! काय म्हणाले मंत्री?"

गंधाली: मास्तर काय म्हणाले?

दशरथ: ऐकायला थांबलो नाय. जोड्या बदलल्या आणि मागच्या फाटकातून पळालो. वर जाऊन एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं.

प्रेमा: तेव्हापासून मुलुंड बंद. आमच्या श्रुतिकाचो साखरपुडो मुलुंडाक होतो. सख्खी पुतणी. हे गेले नाय. काय तर म्हणे, गुडघो दुखता.

दशरथ: तर आता तू लिही. पहिली पन्नास वर्षं लोक कंपनीच्या मागे लागले, फोन द्या म्हणून. शेवटची पंचवीस, फोन काढून न्या म्हणून. दोन्ही अर्जांना कंपनीने सारखाच वेळ लावला. हे नको लिहूस, ते तुझे चेअरमन कापतील. पण पान बेचाळीस खरं लिही. मास्तरांना फोन आला नव्हता. चूक दशरथ परबची. बस.

गंधाली: काका, आता मी बोलू?

दशरथ: बोल.

गंधाली: प्रधान सर आहेत. शहाऐंशी वर्षांचे. गेल्या मंगळवारी मी त्यांच्याकडे दोन तास बसले होते.

दशरथ: ...आहेत?

गंधाली: ठणठणीत. आणि त्यांनी मला तो फोन अगदी सविस्तर सांगितला.

दशरथ: कुठला फोन?

गंधाली: तोच. मंत्री शिक्षकांच्या पगाराबद्दल कसे बोलले, मुलुंडच्या पाण्याबद्दल काय विचारलं, आणि शेवटी सर कसे म्हणाले, व्हय म्हाराजा. मी विचारलं, सर, तुम्ही तर पेणचे. तर म्हणाले, आजोळ मालवणचं.

प्रेमा: अगो बाय माझे! म्हणजे हे खोटे, तो मास्तर खोटो, पेपर खोटो. आणि कंपनी अखंड!

दशरथ: तू हसू नको. पोरी, खरंच असं म्हणाले? पगाराबद्दल?

गंधाली: रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. नातू शेजारी बसून एकेक वाक्य आधीच बोलत होता, इतकं पाठ आहे घरातल्यांना. आणि काका, रविवारी स्टेजवर त्यांचा सत्कार आहे. पन्नास हजारावे ग्राहक म्हणून.

दशरथ: मग नको.

गंधाली: काय नको?

दशरथ: काही बदलू नको. छाप तसंच. शहाऐंशीव्या वर्षी नातवासमोर त्यांना खोटं पाडू मी? एकदा चारशे जोड्यांची अदलाबदल केली, तेवढं पुरे.

गंधाली: अहो, पण पूर्ण पुस्तकात वाचण्यासारखी हीच एक गोष्ट आहे! आणि मला आता माहीत असून मी खोटं छापायचं?

दशरथ: बाकी पुस्तक काय तू खरं छापलंयस?

गंधाली: ...टोमणा कळला.

प्रेमा: दोघां वाद कसले घालतास? तो माणूस जिवंत आसा, तुमच्या घरात फोन आसा, आणि एक तारखेपर्यंत तो चालू आसा. लावा आणि विचारा.

दशरथ: काय विचारू?

प्रेमा: तां माका काय ठाऊक! एकेचाळीस वर्षां माका सांगतास, आता तेंका सांगा. माझे कान किटले.

गंधाली: नंबर देऊ, काका?

दशरथ: नंबर नको. नंबर माहीत आहे.

(दशरथ कोपऱ्यातल्या टेलिफोनचे आकडे दाबतो. प्रेमा पुढे होऊन स्पीकरचं बटण दाबते.)

विद्याधर: हॅलो. प्रधान बोलतोय.

दशरथ: हॅलो... मास्तर... मी टेलिफोन कंपनीतून.

विद्याधर: हां, बोला. रविवारच्या गाडीचं ना? चार वाजता पाठवा. लिफ्ट बंद आहे म्हणावं, मी खाली येऊन थांबेन.

दशरथ: नाय, गाडीचं नाय. मी जुना माणूस. रिटायर झालेला. ते चौऱ्याऐंशी साली, तुमचा फोन... म्हणजे मंत्री... तेव्हा पलीकडे...

विद्याधर: जरा मोठ्याने बोला. कोण आपण?

दशरथ: व्हय म्हाराजा.

गंधाली: कट झाला का?

विद्याधर: नाही, कट नाही झाला. तुम्ही होय ते!

दशरथ: मी. दशरथ परब. मास्तर, चूक माझी होती. तारा मी चुकीच्या मोजल्या. वहिनींना म्हटलं होतं वाजेल म्हणून, आणि...

विद्याधर: म्हणजे फोन बसवायला आलेले परब! हिने तुम्हाला दोन पेढे दिले होते. तुम्ही एकच खाल्लात, दुसरा कागदात बांधून नेलात.

प्रेमा: तो माका आणलेलो.

दशरथ: वहिनी कशा आहेत?

विद्याधर: ती सहा वर्षांपूर्वी गेली. तिला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. पहिल्या दिवशी मी शेजाऱ्यांना खरं सांगणार होतो हो. पण त्यांनी पेपर पुढे धरला, आणि ही म्हणाली, बसा, चहा घ्या, सांगतात ते सगळं. मग काय करणार? सांगत बसलो. आधी मंत्र्यांनी ख्यालीखुशाली विचारली. दोन वर्षांनी पाण्याचा प्रश्न विचारला. नातू झाल्यावर पगाराचं आलं.

दशरथ: तुम्ही काय काळजी करू नका. पुस्तकवाली मुलगी इथेच बसलीय. तिला मी सांगितलंय, काही बदलू नको. तसंच छापणार.

विद्याधर: तसंच? का?

दशरथ: तुमचा सत्कार आहे. नातू असेल.

विद्याधर: अहो परब, मला कंटाळा आलाय. चाळीस वर्षं इतिहास शिकवला, आणि घरात बसून खोटा इतिहास सांगतो. वर तो नातू माझ्याकडून दर वेळी ते व्हय म्हाराजा वदवून घेतो. मला उच्चारसुद्धा जमत नाही त्याचा. तुम्ही आता म्हणालात ना, ते खरं. मुलीला सांगा, छाप म्हणावं. जसं झालं तसं छाप.

गंधाली: सर, नक्की? स्टेजवर चेअरमन असतील.

विद्याधर: चेअरमन बंद पडलेल्या कंपनीचे आहेत, बाळ. आणि परब, रविवारी चारला गाडी येते माझ्याकडे. ती आधी विक्रोळीला वळवून तुम्हाला घेऊन येऊ दे. मुलुंडला या. वर चढून या या वेळी.

दशरथ: येतो.

प्रेमा: गुडघो दुखणार नाय. मी सांगतंय.

विद्याधर: एक विचारू? पेपरात फक्त तुमचं उत्तर छापलं होतं. मंत्र्यांनी विचारलं काय, ते कुणीच छापलं नाही. म्हणून तर मला एवढं सगळं रचावं लागलं. खरं काय विचारलं त्यांनी?

दशरथ: काय नाय हो. म्हणाले, "मास्तर, ऐकू येतंय का?"

विद्याधर: एवढंच?

दशरथ: एवढंच.

विद्याधर: पगार नाही, पाणी नाही.

दशरथ: नाय.

विद्याधर: मग विचारा की.

दशरथ: आता?

विद्याधर: आता. मी फोनपाशीच बसलोय.

दशरथ: ...मास्तर, ऐकू येतंय का?

विद्याधर: येतंय हो. येतंय.