टर्बोचा दाब

पेट्रोल पंपावर कॉफीच्या रांगेत एल्नाच्या पुढे मेकॅनिक स्टूरे उभा होता आणि त्याच्या कानाशी लागलेली गुनवोर कुजबुजत होती; मागे एल्नाला सगळं ऐकू येत होतं.

"पटकन ऐक, हेनिंग बाहेर गाडीत बसलाय. त्याच्या स्नोमोबाइलला लॅपटॉप लाव आणि टर्बोचा दाब उतरव. त्या मापानं इंधनही कमी कर, म्हणजे चढावर तिचा जोरच संपेल."

"नवऱ्याला कळेल ना तुझ्या!"

"कळू देऊ नकोस! डोंगरावरचा बर्फ सुटून कोसळायला लागलाय, आणि हा रोज सांगतो, पार कड्यापर्यंत चढलो म्हणून. इथे माझा जीव टांगणीला!"

"अगं, ते काम नोव्हेंबरातच झालंय."

"कुणी करायला सांगितलं तुला?"

"त्यानंच. म्हणाला, हल्ली वर जायची भीती वाटते, पण गुनवोरला कळू देऊ नकोस."

"आणि रोज घरी येऊन मलाच घाबरवतो, मेला!"

रांग पुढे सरकली. काउंटरवरच्या बाईनं गुनवोरला विचारलं, "एकच कॉफी ना?"

"दोन द्या. एक बाहेर गाडीत न्यायचीय."