दोन भागीरथींचा एक टॅक्स

“एकसष्ट!” मी म्हणाले. “पासष्ट!” आनंदा ओरडला. “एकसष्ट रे, माझं वय तुला जास्त ठाऊक की मला?” “मला नाही, कागदाला ठाऊक आहे, आई!”... आता तुम्हाला सांगते, हे भांडण काही घरात चाललेलं नव्हतं, उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात, टॅक्सच्या गिदवानी वकिलाच्या हापिसात चाललेलं, खाली जीन्स शिवायच्या पायमशिनींची खडखड, वर लाईट गेलेली म्हणून पंखा बंद, आणि माझा पोटचा पोरगा, बँकेत चांगला कारकून, परक्या माणसासमोर मला म्हातारी ठरवायला निघालेला!

का, तर सूट. माझं फॅक्टरीचं पेन्शन, आमचे मालक, आनंदाचे वडील, गेल्यावर त्यांच्यामागचं पेन्शन, विठ्ठलवाडीच्या दोन खोल्यांचं भाडं, एवढ्यावर सरकारला टॅक्स पाहिजे, बरं, देते. तर हा वकील बोट चाटून कागद उलटतो न् म्हणतो, “माई, तुम्ही तर बडी सूट सोडली! पासष्ट पुरे झाले की टॅक्समधून सीधा कमी. कायदा येऊन दोन साल झाले, लोकांना मालूमच नाही. अशी सूट कोण सोडतो?” असा बघतो, जसं काही मी घर उघडं टाकून आलेय!

माझं नाव भागीरथी, सूट भागीरथीची आहे, कबूल. पण कुठल्या भागीरथीची?

मी भूत मानत नाही हं, आधीच सांगून ठेवते. छप्पन साली बदलापूर गावात आमच्या बानं दीक्षा घेतली न् घरातले देव उल्हास नदीत सोडले, त्यांच्यामागनं भुतंखेतंही गेली, मी काठावर उभी होते. भूत मानत नाही! पण वकिलाच्या हापिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर ती येऊन बसली होती, त्याला मी काय करू?

ती म्हणजे माझी मोठी बहीण. भागीरथी. चार वर्षांची होऊन तापात गेली, त्याच साली मी झाले, आणि आयनं माझं नाव तेच ठेवलं, गेलेली पोर परत आली म्हणून. आता ज्याचं नाव घ्यायचं त्याला एकदा विचारायला नको? आय हाक मारायची, “भागेऽऽ!” मी धावत जायची, तर आय माझ्या डोक्यावरनं मागं बघायची. मागं कोण? कोणी नाही! एकदा मीपण मागं वळून बघितलं... जाऊ दे. तेव्हापासून आहे ती.

आणि बा कसा, जन्म लिहायला पाटलाकडं गेला होता, मरण लिहायला गेलाच नाही. “लिवलं म्हंजे गेली,” म्हणायचा. मग मी झाले, तर नाव आधीच वहीत! दुसऱ्यांदा कशाला लिहायचं? म्हणजे बघा, ती कागदावर मेली नाही आणि मी कागदावर जन्मले नाही!

शाळेत मला कोणी घातलं नाही. दुकानाच्या पाट्या वाचत, शेंगदाण्याच्या पुड्या सोडवून वाचत शिकले, सातवी बाहेरून दिली, पास झाले, एकटीच्या जिवावर! अंबरनाथला फॅक्टरीत पॅकिंगला लागायचं तर म्हणाले, वयाचा दाखला. बानं पाटलाकडनं काढून आणला. कुणाचा असणार? एकच तर होता! झालं, हाडं झिजवली धाकटीनं, वय वाढत गेलं थोरलीचं. अठ्ठावन्न पुरी झाली म्हणून हार घालून घरी धाडलं, तेव्हा मी चोपन्नाची, भरलेली खोकी एकटी उचलत होते! साहेब म्हणाले, “भागीरथीबाई, आता आराम करा.” मी भूत मानत नाही, पण पॅकिंगच्या टेबलावर ती पाय हलवत बसली होती, तांबडा परकर, एकाच पायात तोडा... आणि हसत होती हो!

तर आनंदा दातओठ खात कुजबुजतो, “आई, खरं वय बोललीस तर पेन्शनची चौकशी लागेल, बंद होईल पेन्शन! गप सही कर.” मी म्हटलं, “पेन्शन मी कमावलंय, त्याला हात लाव बघू कोणी! पण म्हातारपणाची सूट माझी नाही, ती तिची. मेलेल्या पोरीच्या तोंडचं मी खाणार नाही.” “कोण पोरगी, आई? कुठंय?” “ही काय, बसलीय!” वकिलानं खुर्चीकडं बघितलं, मग आपली खुर्ची मागं ओढली. “माई,” घाम पुसत म्हणतो, “बच्ची है... तो उसका टॅक्स कैसा?”

आणि तुम्हाला सांगते, तिथं मी अडले. मी भूत मानत नाही, पण ती त्या फॉर्मकडं असं टक लावून बघत होती, जत्रेत खेळण्याकडं बघावं तसं. तिचं नाव मी नेलं. तिचा दाखला मी नेला. आयनं तिच्यासाठी राखलेली बाहुलीसुद्धा मीच फोडली. साठ-बासष्ट वर्षांत तिच्या नावानं कोणी कधी काही दिलंय? आज पहिल्यांदा कोणीतरी देतंय, तेही साक्षात सरकार, तेही चार वर्षांच्या पोरीला म्हातारपणाबद्दल! आणि नको म्हणणारी मी कोण?

“आई, शेवटचं विचारतो,” आनंदा ओरडला, “पासष्ट की एकसष्ट?” वकील म्हणाला, “माई, जल्दी बोला, मला भीती वाटते.” खाली मशिनी थांबलेल्या. मी पेन उघडलं न् म्हटलं:

“पासष्ट लिहा वकीलसाहेब, आणि ही बाजूची खुर्ची जरा पुढं सरकवा, सही करायला तिचा हात टेबलाला पुरत नाही.”