आयुषच्या निबंधातली तीच वाक्यं

(न्यूझीलंडमधलं टौरंगा, २००६. यादवराव नागपूरहून मुलाकडे येऊन राहिलेले. त्यांच्यासमोर नात गौतमी. तिची आई विनिता भाजी चिरते आहे.)

गौतमी : नाही आजोबा, मी आयुषचं बघितलं नाही. किती वेळा सांगू?

यादवराव : मग त्यानं तुझं बघितलं असेल.

गौतमी : आमचे क्लास वेगळे आहेत. हिस्ट्रीची टीचर तेवढी एकच. तिनं दोघांचे निबंध शेजारी ठेवून लाल रेघा मारल्यात. उद्या सकाळी बोलावलंय. कॉपी ठरली तर मी फेल.

यादवराव : आण इकडे. "इंग्लंडशी युद्ध संपल्यावर आपण एक राष्ट्र आहोत, ही भावना अमेरिकेत बळावली." चांगलं आहे की!

गौतमी : हेच आयुषचं. पुढे वाचा.

यादवराव : "इंग्लंडचा स्वस्त माल बंदरांत येऊन पडू लागला, म्हणून १८१६ साली त्यावर जकात बसली. राष्ट्रीय बँक पुन्हा उभी राहिली." तो पोरगा चलाखच. शनिवारी माझ्याकडे शिकायला येतो आणि डोळे तुझ्या वहीत.

विनिता : बाबा, एक मिनिट. शनिवारी तुम्ही दोघांना शिकवता कसं?

यादवराव : कसं म्हणजे? आधी मुद्दे समजावतो. मग आदर्श उत्तर सांगतो, आता इंग्रजीतून. ते लिहून घ्यायचं, पाठ करायचं. नागपूरला माझ्या वर्गातल्या साठ पोरांची उत्तरं शब्द न् शब्द सारखी यायची. साहेब खूश व्हायचे!

विनिता : इथे त्यालाच कॉपी म्हणतात.

यादवराव : काहीतरीच! ...खरंच?

गौतमी : खरंच.

यादवराव : अगं, मग आधी बोलायचंस ना. उद्या मी येतो. सांगतो बाईंना, चूक माझी आहे.

गौतमी : नको! मग म्हणतील, आजोबांनीच लिहून दिलं. ते आणखी वाईट. त्या तोंडी विचारणार आहेत, मला स्वतःला काय कळलंय ते.

यादवराव : मग मीच विचारतो. १८२३ साली काय झालं?

गौतमी : अमेरिकेनं युरोपला बजावलं, आमच्या खंडांत नव्या वसाहती करायच्या नाहीत.

यादवराव : का?

गौतमी : वाढत्या राष्ट्रीय भावनेचा परराष्ट्र धोरणावर...

यादवराव : हे माझं झालं. तुझं सांग.

गौतमी : माझं... तुम्ही रागवाल.

यादवराव : नाही रागावत.

गौतमी : मला अमेरिकेचा डाउटच येतो. दक्षिण अमेरिकेतल्या देशांना कुणी विचारलं होतं का, तुम्हाला राखणदार हवाय का म्हणून? आणि ती जकात. गिरण्या चालल्या अमेरिकेच्याच उत्तरेत, पण महाग कापड तिच्या दक्षिणेतल्या लोकांनाही घ्यावं लागलं. 'आपला देश' म्हणताना 'आपला' कुणाकुणाचा? कापूस वेचणाऱ्या गुलामांचा होता?

यादवराव : हे कुठे वाचलंस?

गौतमी : कुठेच नाही.

यादवराव : इंटरनेटवर?

गौतमी : नाही.

यादवराव : मग आयुष म्हणाला असेल.

गौतमी : आजोबा! तुम्ही पण टीचरसारखंच?

यादवराव : चुकलंच माझं. पण शेवटचं ते परत सांग, सावकाश. मला त्याचं उत्तर येत नाही.