हाकिमसाहेबांचा धूर

फरगाण्याच्या त्या गोठलेल्या सकाळी, नानवाल्यापुढच्या रांगेत उभ्या सुरय्याच्या कानी पुढच्या दोघी शेजारणींचं बोलणं पडत होतं.

“ओयदिनखाला, आमच्याकडे गॅस आला!”

“येणारच. उद्या जिल्ह्याचे हाकिमसाहेब तुमच्या रस्त्याने जाणार. प्रत्येक धुराड्यातून धूर दिसला पाहिजे, असा हुकूम आहे.”

“आणि तुमच्या मागच्या गल्लीत?”

“आमची धुराडी गाडीतून दिसत नाहीत गं. आम्हाला थंडी वाजत नसावी.”

“नातवाची चाळिसाव्या दिवसाची आंघोळ उद्याच ना?”

“बर्फाने घालू?”

“आणा त्याला आमच्याकडे. पण गाडी वळली, की गॅस बंद!”

“मग हाकिमसाहेबांना म्हणावं, जरा सावकाश जा. पोराचं डोकं धुऊन होऊ दे.”