दुबईहून मुलुंडला तीन तास

सहार पोलीस ठाणे, मुंबई. दिनांक १० फेब्रुवारी १९८५, रविवार, सायंकाळी ५ वाजता.

मी, जयवंत राजाराम घाडी, वय ३१ वर्षे, धंदा फिटर, सध्या राहणार भटवाडी, घाटकोपर, घर मिठागर रोड, मुलुंड (पूर्व), समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

मुलुंडच्या घरी माझी आई रुक्मिणी व थोरला भाऊ दशरथ राहतात. गेल्या जूनमध्ये दुबईच्या नोकरीसाठी मी घरातून निघालो. चाळीतली पंधरा माणसे हार घेऊन सहार विमानतळावर पोचवायला आली होती. आत गेल्यावर माझा व्हिसा खोटा निघाला व मला परत पाठवले. बाहेर आलो तेव्हा माणसे निघून गेली होती. हार गळ्यातच होता. कोणत्या तोंडाने घरी जाणार म्हणून त्या दिवशी गेलो नाही, आणि मग राहूनच गेले. घाटकोपरला एका वर्कशॉपमध्ये कामाला लागलो.

दर रविवारी सकाळी मी तिथल्या दुकानातून आमच्या शेजारच्या सुलक्षणा वहिनींकडे फोन करीत असे व दुबईहून बोलतो असे सांगत असे. आवाज लांबून यावा म्हणून रिसीव्हरवर रुमाल धरीत असे. तिकडे किती वाजले, असे आई दर वेळी विचारायची, म्हणून घड्याळ दीड तास मागे ठेवले आहे. आज विमानतळावर हवालदारांनी वेळ विचारली तेव्हा त्यांना संशय आला तो यामुळेच.

आज सकाळी नऊला फोन केला तो दशरथने घेतला. पहाटे आईला अर्धांगाचा झटका आला होता, डॉक्टरांनी आशा सोडली होती. तो म्हणाला, "आये तुझाच नाव घेता हा. इमानान येवक किती येळ लागतलो?"

मी म्हणालो, "तिकीट मेळाक होया. मगे तीन तास." मुंबई ते दुबई बाराशे मैल आहे, ते मला पाठ आहे.

घाटकोपरहून मुलुंडला बसने पाऊण तास लागतो. लगेच निघालो असतो तर दहाला आईजवळ असतो. पण दुबईहून कोणी दहाला पोचत नाही. म्हणून बॅग घेऊन सहारला आलो. दुबईचे विमान सहाला येते असे समजले. त्यातल्या माणसांत मिसळून टॅक्सी करायची असे ठरवून बाकावर बसलो.

तीन वाजता, आता विमानात बसतो, असे सांगायला वहिनींना फोन केला. आई दीडला गेली होती. अजून नेलं नाही, तुझ्यासाठी ठेवलंय, दशरथभाऊजी तुला घ्यायला येतायत, कितीला उतरशील, असे त्या म्हणाल्या. तेव्हा तरी खरे बोलायला हवे होते. मी सहाला उतरतो म्हणालो आणि पुन्हा बाकावर जाऊन बसलो. याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बॅगेतले फॉरेनचे ब्लँकेट आईसाठी घेतलेले आहे, चोरीचे नाही.

हवालदारांनी दशरथला विमानतळाबाहेरून बोलावून आणले आहे. तो दारात उभा आहे. त्याला तोंडाने सांगणे मला जमणार नाही, म्हणून हा जबाब मोठ्याने वाचावा अशी माझी विनंती आहे.

जबाब वाचला. दशरथने पूर्ण ऐकला व एवढेच म्हणाला, "आधी घड्याळ नीट कर. मगे घराक चल."

मी घड्याळ दीड तास पुढे केले. वर लिहिलेले माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरे आहे.

सही/-
जयवंत राजाराम घाडी