बारा पराती

(मे १९८५. घाटकोपरच्या टेकडीवर सुंदराबाईंची खोली. त्यांच्या महिला मंडळाचं ऑफिसही हेच. मंडळ देशोदेशींच्या संस्थांच्या ज्या जाळ्यात आहे, तिथली सुलक्षणा भेटीला आली आहे.)

सुलक्षणा : म्हणजे खोका उघडलेलाच नाही, मावशी?

सुंदराबाई : उघडला होता गं. भोंगा एकदा वाजवला, परत बांधला. वर शिलाई मशीन ठेवलंय बघ. खोका मात्र भक्कम दिलाय तुझ्या लोकांनी.

सुलक्षणा : अहो, परदेशातून तुमच्या टेकडीसाठी आलेला भोंगा तो. दरड सुटायला लागली की हँडल फिरवायचं, अख्खी वस्ती समाजमंदिरात. तो कसा चाललाय ते मला मुख्य ऑफिसला कळवायचंय.

सुंदराबाई : झकास चालला म्हणून कळव. आवाज पार खाली स्टेशनात गेला.

सुलक्षणा : मग बांधून का ठेवला?

सुंदराबाई : ह्यांना विचार. अहो, सांगा ना.

धोंडिराम : काय सांगायचं. सकाळी सातला सराव ठेवला होता हिने. भोंगा झाला, मी उठलो, सदरा चढवला, डबा उचलला...

सुंदराबाई : रिकामा डबा. फळीवरचा.

धोंडिराम : ...आणि उतरलो खाली. रस्त्यावर बघतो तर भीमराज, खंडू, जयवंत, सगळे डबे घेऊन उभे. तीस वर्षं त्या आवाजावर पाय चालले, बाई. गिरणी सुटून तीन वर्षं झाली, हे पायांना कुणी सांगितलंच नाही.

सुंदराबाई : आणि उभे कुठे, तर बरोबर कड्याखाली, जिथे दगड येतात. आम्ही बाया पोरं घेऊन समाजमंदिरात आणि हे शहाणे तिथे. खरी दरड असती तर अर्ध्या वस्तीची कुंकवं गेली असती. हस, हस. मलाही हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी.

सुलक्षणा : मला कळवायचं तरी.

सुंदराबाई : मी म्हटलं कळवू, पण मंडळातली वनमाला घाबरली. भोंगा नको म्हटलं तर यादीतून नाव काढतील म्हणाली. एवढ्या देशांच्या संस्था, त्यात आपलं मंडळ शेंडेफळ.

सुलक्षणा : नाव कोण काढतंय? तुमची टेकडी तुम्हाला कळते, म्हणून तर सभासद केलं. आम्ही ठरवायचं आणि तुम्ही मुकाट वाजवायचं, असं नाही ते. आधी विचारायला हवं होतं मी. मागच्या पावसाळ्यात दोन घरं गेली, तेव्हा माणसं कशी काढलीत?

सुंदराबाई : परातीवर. घरांच्या बारा ओळी, ओळीला एक बाई. माती सुटली की तिने परात बडवायची, पुढच्या ओळीने उचलायची. एकालाही खरचटलं नाही.

सुलक्षणा : मग तेच चालू ठेवा ना.

सुंदराबाई : पराती कुठायत? संपात पितळ मोडीत गेलं. मागच्या वर्षी सात होत्या, बाकी ओळींत मी बोंबलत धावले. आता तीनच. स्टीलची वाजवून बघितली, लोकांना वाटलं शेजारी भांडी आपटतायत. ती इथे रोजच आपटतात.

सुलक्षणा : बारा ओळींना बारा पितळी पराती. जूनच्या आत. लिहिते.

सुंदराबाई : तुझ्या फॉर्मात परातीचा रकाना आहे?

सुलक्षणा : नाही. आखते मी. आणि मावशी, कोकणात आपल्याच जाळ्यातली एक संस्था आहे, डोंगराखालच्या गावाची. त्यांनाही भोंगाच जायचाय. तुम्ही जाऊन शिकवाल त्यांना?

सुंदराबाई : मी? दुसरीत शाळा सोडली मी.

सुलक्षणा : चौथीत सोडलेली कुणी मिळाली तर तिला पाठवू.

सुंदराबाई : राहू दे, जाईन मीच. पण परात बडवायचं नंतर. तिथले पुरुष कसल्या आवाजावर घर सोडतात, ते आधी विचारायला लागेल.

सुलक्षणा : ते तुम्हीच विचारा. भोंगा मी आज घेऊन जाते.

धोंडिराम : बाई, नेण्याआधी एकदा फिरवू हँडल?

सुलक्षणा : काका, सगळे परत खाली उतरतील.

धोंडिराम : घरोघर सांगून येतो ना, सराव नाही म्हणून. नुसता ऐकायचाय.

सुंदराबाई : या सांगून. तोवर मी डबा भरते. मागच्या वेळी रिकामा गेला.