वीतभर वाम

(कोल्हापूर, १९९९. भाड्याच्या खोलीत माशांची दोन फुटी टाकी. जवळ रूपाली आणि माशांचे दुकानदार गणपतराव.)

गणपतराव : वहिनी, फोनवर तुम्ही वीतभर म्हणालता. म्हणून एवढीच पिशवी आणलीय.

रूपाली : वीतभरच आहे. काचेवरची निळी रेघ बघा ना.

गणपतराव : रेघ दिसली की. वाम कुठं हाय?

रूपाली : वाळूत. सोंडेसारखं तोंड तेवढं बाहेर ठेवते. मी दिवा बंद करून गांडुळं टाकते. बाहेर आलेली बघितलीच नाही.

गणपतराव : थांबा, काडीनं वाळू हलवतो. ...ही बघा. हातभर हाय की! जाडी बघा, माझ्या मनगटाएवढी. रेघ कधीची ही?

रूपाली : ऑक्टोबरची. दर चौदा तारखेला हे ओढायचे. अठराला अपघातात गेले.

गणपतराव : म्हंजे नऊ महिने झालं.

रूपाली : झाले असतील.

गणपतराव : माझ्याकडनं बोटाएवढी नेलती दादांनी. पाठीवरची नक्षी बघून म्हणाले, ही माझ्या टेंपोच्या टायरचा ठसा अंगावर घेऊन फिरतीय.

रूपाली : मला सापच वाटला होता. हे म्हणाले, पाठीवर काटे आहेत, हात लावू नको. नाही लावला.

गणपतराव : आता कुठं निघालाय?

रूपाली : रविवारी पेठ वडगावला, आईकडं. टाकी ठेवायला तिथं जागा नाही. भाऊ म्हणतो, पंचगंगेत सोड.

गणपतराव : नदीत न्हाय टिकायची. संध्याकाळच्या आत कुणाच्यातरी तव्यावर जाईल. वारणानगरच्या एका मास्तरांकडं पाच फुटी टाकी हाय. त्यांना इचारतो.

रूपाली : ते कापणार नाहीत ना?

गणपतराव : न्हाय ओ. जीव लावणारा माणूस हाय. उद्या झाकणाची बादली आणतो. फटीतनं निसटती ही. फक्त आजची रेघ मारून द्या, मास्तर लांबी इचारतील.

रूपाली : पेन बघते. ...लालच आहे. निळा सापडत नाही.

गणपतराव : लाल चालतोय की.

रूपाली : लाल आमच्या सोनमच्या रेघेचा आहे. चौदाला तिचीपण उंची दारावर मांडायचे, आधी तिची, मग हिची.

गणपतराव : मग?

रूपाली : थांबा जरा. सोनम, इकडं ये बाळा. चप्पल काढ. दाराला पाठ टेकव.